वाईच्या घाटावर गार पोहे

आमच्या घराला रविवार मिळाला तो ह्यांची नोकरी गेल्यावर.

तोपर्यंत रविवार होता, पण निम्म्या घराला होता. ह्यांचा कारखाना भोसरीकडे, आणि तिकडे आठवड्याची सुटी गुरुवारी. माझी बालवाडी आणि मुलीची शाळा बंद असायची रविवारी. म्हणजे गुरुवारी हे एकटे घरी बसून न बिघडलेले नळ दुरुस्त करायचे आणि रविवारी आम्ही मायलेकी ते गळणारे नळ बघत बसायचो. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी आम्ही तिघं एका दिवशी सकाळी एकत्र चहा प्यायलो, असं सणवार सोडून घडलंच नव्हतं. सोसायटीत काही लोकांचा असा समज होता की मुलीला वडील नाहीत.

मग देशानं दारं उघडली. तसं रोज पेपरात येत होतं. ह्यांच्या कारखान्यानं उघडलं ते बाहेर जायचं दार. त्याला स्वेच्छानिवृत्ती म्हणायचे. तीत निवृत्ती पुरेपूर होती, स्वेच्छा कुठं ठेवली होती ते शेवटपर्यंत सापडलं नाही. हे हार घालून घरी आले, हार दाराच्या खिळ्याला अडकवला आणि दुसऱ्या दिवसापासून फोन उचलायचं बंद केलं. कारण फोनवर प्रत्येक जण तेच विचारायचा, "मग सध्या काय करता?" ह्या प्रश्नाला पुण्यात सभ्य उत्तर नाही. घंटा वाजली की हे बाथरूममध्ये जायचे. पुढं पुढं मला घंटेआधी बाथरूमची कडी ऐकू यायला लागली.

लोक भेटायलाही यायचे. सुतकात येतात तसे, चप्पल हळू काढून. माझी एक मावशी शनिवार पेठेत राहते. तिनं ठरवलं की येत्या रविवारी सगळ्या नातेवाइकांनी आमच्याकडं जमायचं आणि ह्यांचं पुढं काय करायचं ते एकदाचं ठरवून टाकायचं. पिठाची गिरणी, झेरॉक्सचं मशीन, विम्याची एजन्सी, असे विषय आधीच वाटून झाले होते. मी बटाटेवड्यांची तयारी केली होती. नवऱ्याचं काय करायचं हे ठरवायला येणाऱ्यांना खायला काय करायचं, ह्याच काळजीत मी होते. असा माझा स्वभाव.

शनिवारी रात्री जेवताना हे म्हणाले, "उद्या आपण बाहेर जाऊ."

मी म्हटलं, अहो, उद्या सगळे यायचेत. तर म्हणाले, म्हणूनच. कुठं जायचं विचारलं तर म्हणाले, स्वारगेटला जाऊ, नदी असलेल्या गावाला जाणारी जी गाडी लागलेली असेल तिच्यात बसू.

लागलेली होती वाईची. आमच्या बंद दारावर मावशीनं काय काय ऐकवलं ते शेजारणीनं मला नंतर साग्रसंगीत सांगितलं. त्या दिवशी मात्र मी एसटीत पदराआड तोंड लपवून बसले होते. नोकरी गेलेल्या माणसाचं कुटुंब सहलीला निघालंय हे कोणी बघितलं तर? पुरी-भाजीचा डबा मी ह्यांच्या कारखान्याच्या बॅगेत तळाशी घातला होता आणि वर टॉवेल ठेवला होता. खंबाटकीचा घाट चढताना डबा उपडा झाला आणि सगळ्या गाडीत बटाट्याच्या भाजीचा वास सुटला. माझी लपवाछपवी तिथंच संपली.

वाईला आम्ही काहीच बघितलं नाही. म्हणजे गणपतीला नमस्कार केला, तो करावाच लागतो, एवढा मोठा बसलाय. पण नंतर हे घाटाच्या खालच्या पायरीवर गेले, कारखान्याचे ते जाड बूट काढले, मोजे आत कोंबले आणि पाय पाण्यात सोडून बसले. वरच्या पायऱ्यांवर कोणी गोधड्या वाळत घातल्या होत्या. बायका धुणं धूत होत्या आणि एकमेकींच्या सुनांबद्दल बोलत होत्या. पोरं पुलाच्या बाजूनं उड्या टाकत होती. तासभर हे एक शब्द बोलले नाहीत. मी वर बसून त्यांची पाठ बघत होते. गेल्या काही आठवड्यांत पहिल्यांदाच ती पाठ घरी पाठवलेल्या माणसाची वाटली नाही. सुटीवर आलेल्या माणसाची वाटली.

त्यानंतर महिन्यातला एक रविवार आमचा झाला. कधी भोर, कधी सासवड, कधी भीमेच्या काठचं चास, कधी सातारा गाठून पुढं माहुलीचा संगम. पण फिरून फिरून वाई. सुरुवातीला मी पाहण्यासारखं काय आहे ते विचारत गावभर हिंडायची, ह्या देवळाचं दगडी कासव, त्या देवळाचा नंदी, आणि संध्याकाळी पाय सुजवून घाटावर परत यायची. हे सकाळी होते तिथंच असायचे. मग मीही शिकले. ह्या गावांना फार बघायचं नसतं, तिथं बसायचं असतं. बसलं की गावच आपल्याकडं बघायला येतं. हळदीचा वास येणाऱ्या बाजारातून जाताना दुकानदार आम्हाला ओळखायला लागले. घाटाच्या तोंडाशी चहाची टपरी चालवणारी बाई लांबूनच ओरडायची, "आलं का पुण्याचं बिऱ्हाड? बसा, दूध तापतंय." तिनं कधीही विचारलं नाही, सध्या काय करता म्हणून. आम्ही काय करतो ते तिला दिसतच होतं. चहा पीत होतो.

आमचा एक नियम होता. घाटावर पोचलं की पहिला तासभर कोणी कोणाशी बोलायचं नाही. पुण्याच्या बाईला हे किती अवघड जातं ते मी सांगत बसत नाही. वाईत नदीला कृष्णाबाई म्हणतात, म्हणून मी मनात तिच्याशी बोलायची. बाई म्हटल्यावर तिला सगळं सांगता येतं. मुलगी वाचत पडायची. हे पाय भिजवायचे.

ह्यांनी पुढं एका छोट्या वर्कशॉपात अर्ध्या दिवसाचं काम धरलं, मुलगी इंजिनियर झाली, हिंजवडीला लागली. कंपनीची बस तिला उजाडायच्या आत कोपऱ्यावरून उचलायची आणि दिवे लागल्यावर आणून टाकायची. शनिवारीसुद्धा काही ना काही 'रिलीज' असायचं. काय सोडायचे आणि कोणावर ते मला कधी कळलं नाही. उन्हात तिचं तोंड दिसायचं ते रविवारी. तरीही महिन्यातला तो रविवार तिनं कधी चुकवला नाही. एकदा तिच्या वरिष्ठानं रविवारी यायला सांगितलं तर तिनं कळवलं, घरचं कार्य आहे. त्यानं विचारलं, कसलं कार्य? म्हणाली, नदीचं. बिचारा सोवळ्यातला निघाला. त्यानं लगेच सुटी दिली.

ही सगळी प्रस्तावना आता जे सांगायचंय त्यासाठी.

मुलीच्या लग्नाचं बघायला लागलो तेव्हा तिनं एकच अट घातली. शिक्षण, उंची, पगार, पत्रिका, ह्यात तिनं तोंड घातलं नाही. म्हणाली, लग्नानंतरही महिन्यातला एक रविवार मी आई-बाबांबरोबर नदीवर जाणार. नवऱ्याला यायचं असेल तर येऊ दे, नसेल तर झोपू दे. पण मी जाणार, आणि हे लग्नाआधी समोरच्यांनी कबूल करायचं.

स्थळांना हे सांगायचं काम माझ्याकडं. मी ते घासून घासून इतकं गुळगुळीत केलं होतं की ऐकणाऱ्याला वाटायचं मुलीला पोहण्याची आवड आहे. तरीसुद्धा काही ठिकाणांहून नकार आलेच. मुलगी माहेरवेडी आहे, असा निरोप आला. मला हळूहळू धडकी भरायला लागली. मुलीचं वय वाढत होतं, मावशीचा आवाज वाढत होता, आणि माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र यायचं: आम्ही तिघं म्हातारे एसटीत ओळीनं बसलोत.

तेवढ्यात मावशीनंच एक स्थळ आणलं. मुलगा कंपनीतर्फे अमेरिकेला जाऊन आलेला, कोथरूडला घर, एकुलता एक. मावशी म्हणाली, "अगं, ह्याच्यात खोट काढलीस तर पुढचं स्थळ तूच शोध." मी तिला शब्द दिला की मुलीला मी बघते, तिची अट मी सोडवते. शब्द देताना माझा आवाज इतका गोड झाला होता की हे आतल्या खोलीतून बाहेर येऊन बघून गेले.

मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, येऊ देत, पण कांदेपोहे घरी नाहीत. ज्यांना मला बघायचंय त्यांनी वाईला यावं, घाटावर. मी जिथं जाणार म्हणतेय ते त्यांना आधी दिसू दे.

मी रडून पाहिलं, चिडून पाहिलं, रक्तदाब वाढल्याचं सांगून पाहिलं. मुलगी म्हणाली, घाटावर बसलीस की उतरेल. शेवटी हा प्रस्ताव मी मावशीच्या कानावर घातला. आश्चर्य म्हणजे तिकडून होकार आला. मंडळी त्याच रविवारी महाबळेश्वरला निघाली होती, हॉटेल ठरलं होतं. वाई काय, वाटेवरच आहे, जाता जाता बघून घेऊ म्हणाले. काय बघून घेऊ, मुलगी की वाई, ते मी विचारलं नाही.

दिवाळी होऊन गेली होती, तुळशीची लग्नं लागली होती, नदीला छान नितळ पाणी होतं. आम्ही नेहमीसारखे एसटीनं गेलो. फक्त एक गोष्ट नेहमीसारखी नव्हती. मी पहाटे उठून कांदेपोहे केले होते. मुलीला न सांगता. कार्यक्रम घाटावर असला म्हणून काय झालं, बघायला आलेल्यांपुढं पोहे ठेवले नाहीत तर ते बघणं मोजायचं कसं? चांगला मोठा डबा भरला, वेगळ्या डबीत खोबरं आणि कोथिंबीर घेतली, लिंबाच्या फोडी घेतल्या, आणि त्याच कारखान्याच्या बॅगेत, त्याच टॉवेलखाली ठेवलं. जोडीला पुरी-भाजी होतीच. वाईला पोचेपर्यंत पोह्यांनी डब्याचा आकार घेतला होता.

मंडळी आली. मोठी गाडी घाटाच्या तोंडाशी टपरीला चिकटवून उभी केली. मुलाची आई जरीच्या साडीत, मुलाचे वडील गॉगलमध्ये, आणि मुलगा हातातला मोबाईल वर धरून रेंज शोधत. पायऱ्या उतरताना बाईंनी गोधड्यांकडं बघितलं, धुण्याकडं बघितलं आणि मला म्हणाल्या, "ओल आहे हो इथं." मी म्हटलं, हो, नदी आहे ना. हे माझ्या तोंडून निसटलं. लगेच पुढं गेले आणि त्यांना बसायला टॉवेल अंथरला. अंथरला आणि पोह्यांचा डबा उघडा पडला.

मुलीनं डब्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी डिशमध्ये पोहे काढायला गेले तर पोहे निघेनात. शेवटी चमच्यानं कापून वड्या पाडल्या. वर खोबरं भुरभुरवलं. मुलाच्या वडिलांनी एक वडी खाल्ली आणि बराच वेळ नदीकडं बघत राहिले.

मुलगा मला वाईट वाटला नाही, हे आधी सांगते. त्यानं बूट काढले, पँट दुमडली आणि ह्यांच्या शेजारी जाऊन पाण्यात पाय सोडले. ह्यांनी सरकून जागा दिली. दोघं काही बोलले नाहीत. मासे पायाला लुचले तसा मुलगा एकदा हसला. मी वर बसून मनात मुहूर्त काढायला लागले. कृष्णाबाईला सांगितलं, एवढं जमू दे, तुझी ओटी भरते.

इकडं मुलाच्या आईंना आमचा न बोलण्याचा नियम कोणी सांगितला नव्हता, आणि सांगितला असता तरी त्यांनी पाळला नसता. त्या मला त्यांच्या घराचं सांगत होत्या. रविवारी त्यांच्याकडं सगळे जमतात. दीर, नणंदा, पोरंबाळं, पंचवीस-तीस पानं सहज उठतात. वर्षानुवर्षांची पद्धत आहे. आता म्हणे सून आली की मी सुटले. मग मुलीकडं वळून म्हणाल्या, "तुझी ती अट सांगितली होती हो मावशींनी. लग्नानंतर हळूहळू सुटतंच ते."

मुलगी उठली आणि खाली मुलाजवळ जाऊन उभी राहिली. त्याला सरळ 'तू' म्हणाली.

"तुझं काय म्हणणं आहे?"

त्यानं पाय पाण्यातून काढले नाहीत. आईकडं बघितलं, ह्यांच्याकडं बघितलं. म्हणाला, "मला पर्सनली काहीच प्रॉब्लेम नाही. जागा मस्त आहे. पण दर महिन्याला म्हणजे... वर्षातून एक-दोनदा आपण गाडी काढून येऊच ना. बाकी आईबरोबर अ‍ॅडजस्ट करावं लागेल थोडं."

"थोडं म्हणजे रविवार?"

त्यानं मान डोलावली. प्रामाणिक होता, खोटं बोलला नाही.

मग आई माझ्याकडं वळल्या. मऊ आवाजात, बाईनं बाईशी बोलावं तसं म्हणाल्या, "अहो, तुम्हीच समजवा तिला. तुमचा एक शब्द पुरे. मुलींना हौस असते, पण संसार घाटावर होत नाही."

आता खरं सांगायचं तर मी समजावणारच होते. तसा शब्द मी मावशीला दिला होता. तोंडात वाक्य तयार होतं. पण समोर ह्यांची पाठ दिसत होती, आणि ती पाठ ताठ झाली होती. फोनची घंटा वाजली की व्हायची तशी. मला वाटलं, हा माणूस आता इथूनही उठून बाथरूम शोधायला लागेल.

मी म्हटलं, "नाही हो, मी नाही समजावणार. आमच्या घराला रविवार नव्हता. ह्यांची नोकरी गेली तेव्हा मिळाला. तो मी तुमच्या पंगतीला वाढायला देत नाही."

एवढं बोलून मला धाप लागली. भरीला मी आणखी म्हणाले, "पोहे घ्या अजून." हे का म्हणाले ते मला आजही माहीत नाही. सवय.

त्यानंतर मंडळी फार थांबली नाहीत. महाबळेश्वरला अंधाराच्या आत पोचायचं होतं, आणि ऊन तर अजून डोक्यावर होतं. मुलाच्या आईंनी साडी झटकली. मुलगा बूट घालताना वाकला आणि हळूच म्हणाला, "काकू, पोह्यांची एक वडी घेऊ का गाडीत?" मी त्याला कागदात बांधून दिली. मला त्याचं वाईट वाटलं. माझं स्वतःचं तर वाटलंच. अमेरिका, कोथरूड, एकुलता एक, सगळं टपरीला वळसा घालून पसरणीच्या घाटाकडं निघून गेलं.

टपरीवाली वरून म्हणाली, "गेली का वो पाव्हणी? च्या बी न घेता? जाऊ द्या तिकडं. गाडी लय मोठी हाय, मान्सं जरा बारीक हायती."

मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, "आई, डबा आणायला नको होता गं." आणि मग तिनं ते सगळे गार पोहे चमच्यानं कापून कापून खाल्ले. मला दोन घास दिले. ह्यांनी खालूनच हात मागं केला, तर एक वडी त्यांच्या हातावर ठेवली. बाकी पुरी-भाजी नेहमीसारखी झाली. राहिलेला वेळ आम्ही नियम पाळला. म्हणजे त्या दोघांनी पाळला. मी कृष्णाबाईला सांगत होते की ओटीचं तेवढं राहू दे आता, आणि राग मानू नकोस.

दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन आला. तिकडून नकार आहे म्हणाली. मी म्हटलं, आमचाही आहे, पण ते आधी बोलले, तर त्यांचा धर. मावशी मला बरंच बोलली. घाटावर मुलगी दाखवणारी जगातली तू पहिली आई, म्हणाली. मी ऐकून घेतलं. तिनं जे जे म्हटलं ते सगळं मी स्वतःला रात्रभर म्हणून झालं होतं, त्यामुळं नवीन काही नव्हतं. मला भीती वाटत होतीच. आजही वाटते. पण ती आमची आमच्या घरात वाटते. त्या भीतीपायी मी मुलीचा रविवार द्यायला निघाले होते, आणि दिला नाही. आयुष्यात मी फार मोठी कामं केलेली नाहीत, तेव्हा हे एक मी माझ्या नावावर लावून घेते. पोहे बिघडले तेही माझ्याच नावावर.

पुढच्या महिन्यात भोरला जायचं ठरलं होतं. शनिवारी संध्याकाळी मी पुऱ्यांची कणीक भिजवत होते, मुलगी अजून हिंजवडीहून यायची होती, आणि फोन वाजायला लागला. माझे हात पिठात. मी बाथरूमच्या कडीची वाट बघितली. कडी वाजली नाही. फोन मात्र वाजायचा थांबला.

बाहेर डोकावले तर हे फोनपाशी उभे. पलीकडं मावशीच असणार. तिचा आवाज मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होता. स्थळ होतं, चांगलं होतं, पण मुलगा फक्त उद्याच मोकळा होता, तेव्हा सकाळी दहाला घरी मुलगी दाखवायचीच.

ह्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग कारखान्यात पाळी बदलताना सांगायचे तशा आवाजात म्हणाले,

"रविवारी आम्ही नसतो."

आणि रिसीव्हर खाली ठेवून मला विचारलं, भाजीला बटाटे किती सोलू.